भिंतीवरचा ड्रायव्हर

४ तारीख

वहीबाई, इतक्या उशिरा लिहायला घेतोय, त्याचा राग मानू नये. डॉक्टरीणबाईंनी तुला माझ्या गळ्यात घातलं त्याला महिना होत आला. "काळज्या कागदावर उतरवत जा आजोबा, म्हणजे छातीत साठणार नाहीत," असं त्या म्हणाल्या. पण आधी पेन हरवलं, मग चष्मा हरवला, आणि दोन्ही सापडले तेव्हा कोणती काळजी लिहायची होती तेच आठवेना. मग त्याची काळजी लागली. शिवाय माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास की नापास, हे विचारू नये.

आजची काळजी मात्र चांगली ठसठशीत आहे. माझी लेक.

मी ट्राम डेपोच्या धुलाई शेडमध्ये सगळी नोकरी काढली. आता तिथेच लेक गाड्या धुते. शेडमधले आम्ही सगळे काळे आणि ट्राम चालवणारे सगळे गोरे. असा नियम कुठे लिहिलेला नाही. कोणालाही विचारा, कानावर हात ठेवेल. "छे छे, आमच्याकडे रंग कोण बघतं!" नियम आहे तो फक्त खांद्याचा. परीक्षा पास झालेल्याला ड्रायव्हर व्हायचं असेल, तर ज्याने वीस वर्षं हँडल धरलंय अशा एखाद्या ड्रायव्हरने, नोकरीतल्या किंवा रिटायर झालेल्या, पाळी बदलताना ड्रायव्हरांच्या खोलीत त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "याला माझा खांदा." झालं काम. पण खांदा जन्मात एकदाच देता येतो. त्यामुळे जो तो आपला खांदा मुलासाठी, पुतण्यासाठी, जावयासाठी जपून ठेवतो. आमच्यात ड्रायव्हरच कधी झाला नाही, तर खांदा देणार कोण? आमच्या माणसाला खांदा मिळतो तो एकदाच, आणि तेव्हा तो आडवा असतो.

लेक तिसऱ्यांदा परीक्षा पास झाली. या वेळी तर पहिली आली. पण चाळिशी पूर्ण होण्याआधी नाव लागलं नाही तर अर्ज बाद. या अठ्ठावीस तारखेला ती चाळीस पूर्ण करते. जावई म्हणतो, "बाबा, वाढदिवस आहे की फाशीची तारीख?"

पत्ते खेळताना भिडूला सांगितलं. भिडू गोरा आहे, रिटायर ड्रायव्हर आहे, पण मनाने चांगला. म्हणाला, "माझा खांदा पुतण्याला गेला रे, नाहीतर तुझ्या पोरीला डोळे मिटून दिला असता." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या गडबडीत त्याने माझा एक्का मारला.

७ तारीख

डेपोला शंभर वर्षं झाली म्हणून कंपनीने वर्तमानपत्रात मोठा फोटो छापला. सगळे ड्रायव्हर पायऱ्यांवर दात काढून बसलेले. वर लिहिलं होतं, "आमचं कुटुंब". दुसऱ्या दिवशी कोणीतरी पत्र पाठवलं, "एवढ्या दुधात चहाचा एक थेंबही पडला नाही का?" झालं, गावभर हसू. मोठे साहेब म्हणे दोन दिवस जेवले नाहीत.

आज कंपनीच्या एक बाई घरी आल्या. सारख्या हसतात. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं तरी हसतच होत्या. म्हणाल्या, "आजोबा, डेपोच्या मोठ्या भिंतीवर तुमचं चित्र काढायचं ठरलंय. तुम्ही आमचे सगळ्यात जुने... म्हणजे तुमच्या समाजातले."

मला घामच फुटला. भिंत चार मजली आहे. माझ्या कानात केस आहेत.

लेक कामावरून आली होती, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. म्हणाली, "बाई, चित्राचं छान आहे. पण खांद्याच्या पद्धतीचं काय करणार?"

"तुमच्या भावना मी वर पोचवते हं," हसऱ्या बाई म्हणाल्या.

"भावना नकोत. अर्ज पोचवा. भावना वाटेत सांडतात."

बाई हसल्या. मी लेकीला डोळ्यांनी दटावलं. घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का? जाताना त्यांनी एक बिल्ला दिला, त्यावर दोन रंगांचे हात एकमेकांत गुंतलेले. जावई म्हणाला, "पंजा लढवतायत वाटतं. गोरा जिंकतोय."

११ तारीख

आज डेपोत आमच्या समाजासाठी एक मिनिट शांतता पाळली. सगळ्या ट्राम जागच्या जागी उभ्या. आतले प्रवासी मात्र शांत नव्हते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एक म्हातारी ड्रायव्हरला म्हणाली, "मेलास का रे?" तो बिचारा शांतता पाळत होता, बोलणार कसा?

आणि एका ट्रामला तपकिरी रंग दिला आहे. आमच्या सन्मानार्थ. शेडमध्ये सगळे खूश, कारण तपकिरी ट्रामवर चिखल दिसत नाही. त्यामुळे ती धुवावीच लागत नाही. लेक म्हणाली, "कंपनीने आमच्यासाठी खरोखर केलेलं हे पहिलं काम."

मला एकच काळजी: तपकिरी ट्रामही गोरा ड्रायव्हरच चालवतो, तर लोक हसतील का? लेकीला विचारलं. ती उठून भांडी घासायला गेली.

१४ तारीख

चित्रकार आला. डोक्यावर अंबाडा, पण पुरुष. मला डेपोच्या अंगणात खुर्चीवर बसवलं. हसऱ्या बाई होत्याच.

"आजोबांच्या हातात काय देऊ?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "पाइप द्या. आणि बाजूला बादली. मी तेच केलंय."

हसऱ्या बाई दचकल्या. "नको, नको. बादलीने चुकीचा संदेश जाईल." मग इकडेतिकडे बघून त्यांनी एका ड्रायव्हरची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि उभ्या ट्रामचं हँडल माझ्या हातात दिलं. टोपी कानांवर बसली. तेवढे केस तरी झाकले गेले.

मी म्हटलं, "बाई, मी ट्राम कधी चालवली नाही हो."

"ते प्रतीकात्मक आहे आजोबा."

घरी येऊन जावयाला अर्थ विचारला. तो बेकरीत काम करतो, पण वाचन दांडगं आहे. म्हणाला, "प्रतीकात्मक म्हणजे काचेमागचा केक, बाबा. दिसतो छान, पण आत पुठ्ठा असतो."

मला नाकाचीच काळजी आहे. चित्रकाराने ते वाकडं काढलंय. ते वाकडंच आहे, पण एवढं मोठं कशाला काढायचं?

१७ तारीख

आज पडदा उघडला. वहीबाई, मी चार मजली आहे. माझी एक नाकपुडी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीएवढी. खाली धातूची पाटी: "आमचे पहिले कृष्णवर्णीय ट्रामचालक. चाळीस वर्षांची अविरत सेवा."

मी हसऱ्या बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, ही पाटी चुकली आहे."

"थोडं संक्षिप्त केलंय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात फुलं दिली.

मोठे साहेब बोलले, "या हातांत आपलं शहर चाळीस वर्षं सुरक्षित होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेडमधले आमचे लोक टाळ्या वाजवताना एकमेकांच्या मागे तोंड लपवत होते. मी मनात म्हटलं, आता पोलीस येणार. खोटा ड्रायव्हर म्हणून धरून नेणार. पेन्शन बंद होणार. या वयात मी तुरुंगातल्या पायऱ्या चढू कशा?

घरी येताना कोपऱ्यावर आल्यावर लेक अशी हसत सुटली की तिला दिव्याच्या खांबाला धरावं लागलं. काय झालं विचारलं, तर म्हणते, "बाबा, तुम्ही ड्रायव्हर होतात. चाळीस वर्षं. कंपनीनेच लिहिलंय." आणि परत हसायला लागली. मला काही कळलं नाही.

१८ तारीख

आता कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

उद्या मी ड्रायव्हरांच्या खोलीत जाऊन लेकीला खांदा द्यायचा आहे! मी, जो त्या खोलीत फक्त फरशी पुसायला जायचो.

"त्यांनी मला ड्रायव्हर नाही म्हटलं तर?"

"तर त्यांनी भिंतीवर जाऊन तसं लिहावं," लेक म्हणाली.

"पेन्शन बंद केली तर?"

"बाबा, दहा दिवस राहिलेत."

भिडूला विचारलं. तो एकदम गंभीर झाला. "या भानगडीत पडू नकोस. खांदा ही आमची... म्हणजे जुनी परंपरा आहे. हळूहळू बदलेल." किती हळू ते विचारायचं राहिलं.

१९ तारीख

दिला. पाळी बदलताना खोली भरलेली होती. मी कोट घातला होता, बिल्लाही लावला होता. लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज असा निघाला, जसा बंद नळातून हवा येते.

"हिला माझा खांदा."

मग एकाच वेळी सगळे बोलले.

"हा म्हातारा ड्रायव्हर कधी होता?"

"बाहेर चार मजली उभा आहे, बघून या," लेक म्हणाली.

"ते चित्र आहे!"

"पाटी पण चित्रच आहे का? खाली साहेबांचं नाव आहे."

भिडूचा पुतण्या, तोही ड्रायव्हर, बाकावर चढून ओरडला, "मला माझ्या सासऱ्यांनी खांदा दिला. ते खरे ड्रायव्हर होते, रंगवलेले नाही!" मला नवल वाटलं. भिडू तर म्हणाला होता की त्याचा खांदा या पुतण्यालाच गेला. म्हातारपणी विसरला असेल बिचारा. मी काही बोललो नाही, उगाच त्याला वाईट वाटेल.

मोठे साहेब आले. साहेब पाटीकडे बघतात, माझ्याकडे बघतात, परत पाटीकडे बघतात. हसऱ्या बाईंना मी पहिल्यांदाच न हसताना पाहिलं. त्या आजारी असाव्यात. शेवटी साहेब म्हणाले, "विचार करून कळवतो."

२१ तारीख

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये चहाला बोलावलं. बशीत बिस्किटं. मी दोन खाल्ली, एक खिशात ठेवलं.

साहेब गोड माणूस. म्हणाले, "तुमच्या वडिलांचा खांदा आम्ही मान्य करतो. शांतपणे, विशेष बाब म्हणून. तुम्ही आमच्या पहिल्या काळ्या... म्हणजे वडिलांनंतरच्या पहिल्या. फक्त शेडमध्ये चर्चा नको. ड्रायव्हर लोक हळवे असतात."

मी खुर्चीतून उठलोच होतो त्यांचा हात धरायला. लेक म्हणाली, "परीक्षेत माझ्या खालोखाल शेडमधलीच ठेंगणी आहे. तिचं काय?"

"तिला पुढे तुम्हीच द्याल की खांदा! वीस वर्षं काय, अशी जातील."

"वीस वर्षांनी तिचे गुडघे ट्राममध्ये चढतील का, साहेब? आणि मग ती कोणाला देणार?"

"हे बघा, एकेक पाऊल..."

"आणि बाबा ड्रायव्हर होते असं आम्ही जन्मभर सांगत बसायचं. म्हणजे आम्हाला कधी कोणी अडवलंच नव्हतं." तिने कप खाली ठेवला. "खांदा काढून टाका. परीक्षेच्या क्रमाने घ्या. मला विशेष बाब व्हायचं नाही."

एवढ्या चांगल्या चहात तिने अशी माशी टाकली! घरी येऊन मी तिला बोल बोल बोललो. "सोन्याचा घास तोंडाशी आला होता! ठेंगणी तुझी कोण लागते? साहेब आपण होऊन देत होते!" ती म्हणाली, "बाबा, मला आत घेऊन ते दार लावून घेणार होते." मी म्हटलं, "आत तर गेली असतीस!" ती अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. जावई मला म्हणाला, "जरा बाहेर फिरून या, बाबा." असं मला तो कधी म्हणत नाही.

२२ तारीख

वहीबाई, माझ्या हातून घात झाला. कोणाला सांगू?

लेक कामावर, जावई बेकरीत, आणि दारात वर्तमानपत्राची एक पोरगी. पहिल्या ट्रामचालकाची मुलाखत हवी म्हणाली. लेकीने बजावलं होतं, कोणी आलं तर कमी बोला. मी कमीच बोललो. सुरुवातीला.

"कोणत्या मार्गावर चालवायचात, आजोबा?"

"सगळ्याच."

"पहिल्या दिवशी हँडल हातात घेतलं तेव्हा काय वाटलं?"

मी म्हटलं, गार वाटलं. मग ती विचारते, ब्रेक कुठल्या हाताने लावतात? मी दोन्ही हात बघितले. कान गरम झाले. माझ्या पोटात खोटं टिकतच नाही, तिखटासारखं आहे ते. मी रडायलाच लागलो. सगळं सांगितलं. मी कधी चालवली नाही, मी धुवायचो, टोपी त्या बाईंनी ठेवली, बादली त्यांना चालेना. खांदा म्हणजे काय, तो कोणाला मिळतो, कोणाला मिळत नाही, तेही सांगितलं. शांततेच्या मिनिटाला म्हातारी काय म्हणाली, तेसुद्धा. पोरगी भराभर लिहीत होती. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले. खिशातलं बिस्किट मी तिला दिलं.

आता मी ड्रायव्हर नव्हतो हे उघड झालं. म्हणजे माझा खांदा बाद. म्हणजे लेक बाद. बापानेच गळा कापला. रात्री जेवण गेलं नाही.

२३ तारीख

छापून आलं. पहिल्याच पानावर भिंत आणि खाली मोठ्या अक्षरांत, "चित्रात चालक, शेडमध्ये धुलाई". खांद्याची सगळी हकिकत आहे. कोणाला कोणाकडून खांदा मिळाला याचीही यादी त्या पोरीने कुठून तरी काढली. सासरे, काके, मामे. वाचताना एखाद्या लग्नाची पत्रिका वाचल्यासारखं वाटलं.

मी लेकीसमोर मान खाली घालून उभा राहिलो. तिने सबंध पान वाचलं. मग उठून माझ्या टकलावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ताप आहे का ते बघत असावी.

जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही बेकरीत यायला हवं होतं. असा कणीक तिंबणारा माणूस नाही आमच्याकडे." काय बोलतो, त्यालाच ठाऊक.

डेपोसमोर लोक जमले होते म्हणे. तपकिरी ट्राम आज बाहेर काढली नाही.

२५ तारीख

डेपोच्या फाटकावर नोटीस लागली. खांद्याची पद्धत बंद. यापुढे ड्रायव्हर परीक्षेच्या क्रमानेच घेणार, मग तो कोणाचा पुतण्या असो की कोणाचा कोणी नसो. साहेबांना ही सुबुद्धी अचानक कुठून झाली, कोण जाणे! मी तर सगळं बिघडवून ठेवलं होतं. देव पाठीशी असतो तो असा.

शेडमध्ये लोकांनी बादल्या वाजवल्या. मीही एक वाजवली, तिची कडी निघाली.

मग लेकीने शेवटची ओळ वाचून दाखवली. हे सगळं येत्या एक तारखेपासून लागू. आणि तिची चाळिशी अठ्ठावीसला.

बादल्या थांबल्या.

ठेंगणी रडत लेकीच्या गळ्यात पडली. आता पहिला नंबर तिचा लागणार, वय अजून तिशीच्या आत. लेक म्हणाली, "रडू नकोस, डोळे पुस. असंच रडत चालवलंस तर सिग्नल चुकवशील." संध्याकाळी ती ठेंगणीला घरी घेऊन आली. पातेल्यात डाव धरायला लावून वळणावर हँडल किती फिरवायचं ते शिकवत होती. "हळू. मागे माणसं उभी आहेत." मला स्वयंपाकघरात जाववेना.

भिडूकडे पत्त्यांना गेलो. तो तणतणत होता. "नातवासाठी इतकी वर्षं जपून ठेवला होता मी खांदा! गेला मातीत!"

"कुठला खांदा?" मी विचारलं.

त्याने पत्त्यांचा जोड माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "पत्ते पिस."

मी पिसत राहिलो. जरा जास्तच वेळ पिसले.

२६ तारीख

सकाळी हसऱ्या बाईंचा फोन आला. परत हसायला लागल्या आहेत. चित्रात चूक झाली, ती सुधारणार म्हणे. हँडल पुसून पाइप काढणार, पाटी बदलणार, अंबाडेवाला उद्याच येईल, मला बसायला वेळ आहे का? बादलीला कोणता रंग हवा तेही विचारलं. मी लेकीच्या तारखेचं विचारलं. "ते वरच्या पातळीवर आहे, कळवू," म्हणाल्या. बादलीचं एका दिवसात ठरतं आणि तारखेचं वर जाऊन बसतं. वर काय जिना नाही?

आज लेकीने आपली परीक्षेची पुस्तकं ठेंगणीला दिली. मी साहेबांना पत्र देणार आहे. आधी इथे कच्चं लिहून बघतो. शुद्धलेखन जावई बघेल.

मोठे साहेब यांस,

साष्टांग नमस्कार. मी भिंतीवरचा. आपण खांदा काढलात, फार चांगलं केलंत. माझी काही तक्रार नाही. विनंती एवढीच, नोटिशीत एक तारीख आहे ती सत्तावीस करावी. आपल्याला चार दिवसांनी काय फरक पडतो? एक तारखेला जे बरोबर आहे ते सत्तावीसलाही बरोबरच असणार. लेकीने आपला चहा अर्धा टाकला, त्याबद्दल मी माफी मागतो. ती विशेष बाब झाली नाही म्हणून आज बाकीच्यांचं दार उघडलं. आता ती एकटी बाहेर राहिली तर मला जेवण जाणार नाही आणि डॉक्टरीणबाई मला रागावतील.

चित्राचं म्हणाल, तर माझ्या हातात पाइप द्या नाहीतर हँडल राहू द्या, नाक सरळ करा नाहीतर आणखी वाकडं करा. सगळ्यावर चुना फासलात तरी मी काही म्हणणार नाही. तारखेचं तेवढं उद्या पाळी बदलायच्या आत कळवा. फोन करा, निरोप पाठवा, शेडमध्ये कोणाला नुसतं ओरडून सांगा. मी दारातच खुर्ची टाकून बसलो आहे. हो असो की नाही असो, साहेब, लवकर कळवा.